गाडीच्या नुकसानीचा दावा वकिलाशिवायच लढावा

अमेरिकेत गाडीला मागून कोणी ठोकलं, माणसं सुखरूप राहिली, पण दुरुस्तीचा पूर्ण खर्च द्यायला समोरच्याची विमा कंपनी तयार नाही, अशी वेळ आली की तिथल्या मराठी मंडळींत एक वाद हमखास झडतो. एक बाजू म्हणते, स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांसाठीच्या न्यायालयात जा, फॉर्म भर, दहा मिनिटांत निकाल लागतो, वकील हवाय कशाला? दुसरी बाजू म्हणते, परक्या देशात वकिलाशिवाय कोर्टात उभं राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे, कंपनी देईल ते घे आणि विषय मिटव. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. वाद याच दोन वाक्यांभोवती फिरत राहतो. दोन्ही बाजू माणसाचं धाडस मोजत बसतात. सिद्ध काय करायचं आहे, कोणाविरुद्ध करायचं आहे आणि ते होण्यासाठी न्यायालयाने स्वतः काय करणं अपेक्षित आहे, हे प्रश्न कोणी विचारतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. अपघातात कोणाला इजा झाली नसेल आणि नुकसान राज्याने या न्यायालयासाठी ठरवलेल्या रकमेच्या मर्यादेत बसत असेल, तर दावा स्वतः लावावा आणि स्वतःच लढावा. वकील परवडत नाही म्हणून नाइलाजाने करायची ही तडजोड आहे असं मी मानत नाही. या प्रकारच्या तंट्यासाठी तीच योग्य पद्धत आहे, आणि ती तशी असावी म्हणूनच हे न्यायालय जन्माला आलं. मात्र अंगाला इजा झाली असेल तर हेच मत मी उलटं देईन. ते का, हे पुढे येईलच.

न्यायालयाच्या जन्मापासून सुरुवात करू. 1906 साली सेंट पॉल शहरात अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या सभेत रॉस्को पाउंड या तरुण कायदेपंडिताने जमलेल्या वकिलांना तोंडावर सांगितलं की लोक न्यायव्यवस्थेवर नाराज आहेत आणि त्या नाराजीत तथ्य आहे. थोडक्या रकमेच्या दाव्याला मोठ्या दाव्याइतकीच कार्यपद्धती, तितकाच वेळ आणि तितकाच खर्च लावला, तर गरिबाला दार उघडं असून बंद असतं, हे त्या काळातल्या सुधारकांचं म्हणणं होतं. 1913 मध्ये क्लीव्हलंडच्या नगर न्यायालयाने छोट्या दाव्यांसाठी समेटाची वेगळी शाखा उघडली. कॅन्ससमध्ये त्याच सुमारास छोट्या रकमांसाठी साधी न्यायालयं सुरू झाली. कॅलिफोर्नियाने 1921 साली कायदा केला. यातल्या कित्येक सुधारकांच्या डोळ्यांपुढे डेन्मार्क आणि नॉर्वेची उदाहरणं होती. तिथे 1790 च्या दशकापासून समेट मंडळं होती आणि त्यांत वकिलांना शिरकाव नव्हता. म्हणजे या न्यायालयाची वकिलाशिवाय कल्पना केली गेली ती खर्च वाचवण्याच्या नादात नव्हे. वकील आला की कार्यपद्धती येते, कार्यपद्धती आली की विलंब येतो, आणि विलंब ज्याला परवडतो तो जिंकतो, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

आजही कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्सच्या सुनावणीत पक्षकाराच्या वतीने वकील उभा राहू शकत नाही. हा नियम दोन्ही बाजूंना सारखा लागू आहे. मिशिगनमध्येही तसंच. न्यूयॉर्क किंवा टेक्साससारख्या राज्यांत वकील आणता येतो, पण आणावाच लागत नाही. मर्यादाही सगळीकडे वेगळी. कॅलिफोर्नियात 2024 पासून व्यक्तीला 12,500 डॉलरपर्यंत दावा लावता येतो, न्यूयॉर्क शहरात 10,000 पर्यंत, टेक्सासमध्ये जस्टिस कोर्ट या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात 20,000 पर्यंत. गाडीचा बंपर, डिकी, मागचे दिवे, दुरुस्ती होईपर्यंत घेतलेली भाड्याची गाडी, या सगळ्याची बेरीज बहुतेक वेळा या आकड्यांच्या आतच राहते.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ. 1932 साली पॉवेल विरुद्ध अलाबामा या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की शिकलासवरलेला, हुशार माणूससुद्धा कायद्याच्या शास्त्रात कच्चाच असतो. निर्दोष असूनही स्वतःचं निर्दोषत्व कसं मांडायचं हे त्याला कळत नाही. हे वाक्य मी खरं मानतो. पुरावा ग्राह्य कधी, हरकत कधी घ्यायची, साक्षीदाराची उलटतपासणी कशी करायची, हे घरी बसून वाचून येत नाही. ज्याने नागरी न्यायालयातला एखादा लांबलेला दावा जवळून पाहिला असेल, त्याला वकिलाची किंमत कोणी समजावून सांगायला नको.

पण ते निरीक्षण कुठलं आहे? आरोपी म्हणून नऊ कृष्णवर्णीय तरुण, दक्षिणेतलं गोऱ्यांचं ज्युरी, आणि फाशीची शिक्षा. समोर सरकारी वकील, संपूर्ण दंडसंहिता आणि पुराव्याचे सगळे नियम. त्या प्रसंगी जे सत्य होतं ते लाल सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या बंपरलाही जसंच्या तसं लागू होतं का? कायद्याचं शास्त्र जिथे कामाला येतं तिथे वकील हवा. प्रश्न असा आहे की या दाव्यात कायद्याचं शास्त्र किती आणि घडलेल्या गोष्टी किती.

सुनावणी कशी चालते ते पाहा. त्या दिवशीच्या यादीत बरीच प्रकरणं असतात. क्लार्क सगळ्यांना एकदम शपथ देतो. ज्यांची प्रकरणं आहेत त्यांना आपापले कागद एकमेकांना आधी दाखवायला सांगतात. नाव पुकारलं की दोघे पुढे टेबलाशी उभे राहतात आणि न्यायाधीश विचारतो: काय झालं? कोणती लेन? तुम्ही थांबला होता की हळू झाला होता? किती वेळ थांबला होता? नुकसान किती, कागद कुठे? कॅलिफोर्नियाचा कायदा न्यायाधीशाला साक्षीदारांशी अनौपचारिकपणे बोलण्याची आणि वादाची स्वतः चौकशी करण्याची मुभा देतो. बऱ्याचदा निकाल तिथे सांगतही नाहीत, टपालाने घरी येतो. या सगळ्यात वकिलाने नेमकं करायचं काय? जे घडलं ते त्याने पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलं आहे. अपघाताच्या क्षणी ब्रेकवर पाय कोणाचा होता?

दाव्याचं खरं वजन कागदात असतं, आणि तो कागद गोळा करणं हे काम गाडीच्या मालकाइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकत नाही. लोक फोटो काढतात ते चेपलेल्या भागाच्या अगदी जवळ जाऊन. त्या फोटोवरून पत्रा चेपला आहे एवढंच कळतं. दहा पावलं मागे जाऊन काढलेल्या फोटोत दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे, थांबण्याची रेषा, चाकांची दिशा हे सगळं एकत्र येतं, आणि चूक कोणाची हे त्यातून दिसतं. दुसरं म्हणजे एस्टिमेट, दुरुस्तीच्या खर्चाचा लेखी अंदाज. विमा कंपनीचं पहिलं एस्टिमेट पुष्कळदा फोटोंवरून केलेलं असतं. त्यात बंपर कव्हर ‘रिपेअर’ लिहिलेलं असतं. बॉडीशॉपमध्ये कव्हर उतरवल्यावर आतला धक्का शोषणारा अॅब्सॉर्बर दबलेला निघतो, त्यामागची आडवी पट्टी वाकलेली निघते, पार्किंग सेन्सरची बैठक तुटलेली असते, आणि मग पुरवणी एस्टिमेट येतं. कंपनी आणि तुम्ही यांच्यातला फरक जन्मतो तो याच दोन कागदांच्या मधे. कव्हर उतरवलेल्या अवस्थेतला एक फोटो आणि बॉडीशॉपने सही करून दिलेलं ओळीओळीचं एस्टिमेट हाताशी असेल, तर न्यायाधीशाला काय ठरवायचं ते समोर दिसतं. यात कायद्याचा कूट प्रश्न कुठेच नाही.

यावर कोणी म्हणेल, चुकीच्या वाटणीचं काय? कॅलिफोर्नियात 1975 पासून नियम असा आहे की दोघांचाही दोष असेल तर ज्याचा जेवढा दोष तेवढी त्याची भरपाई कापली जाते. समोरचा म्हणाला, तुम्हीच अचानक ब्रेक मारलात, की पडला ना कायदा मधे? पडला, पण हा नियम सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला धरूनच आहे. भांडणात दोघांची चूक असेल तर दोघांनी सोसावं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. वाटणी सत्तर-तीस की साठ-चाळीस, हे ठरवताना न्यायाधीशही पुस्तक उघडत नाही. तो पुन्हा घडलेल्या गोष्टींकडेच जातो. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवण्याची जबाबदारी मागच्या चालकाची असते, ही गोष्ट लायसन्सच्या परीक्षेच्या पुस्तिकेतही असते.

मात्र इजेच्या बाबतीत विरोधकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते हातचं राखून मान्य करत नाही. मान दुखायला लागते ती कधीकधी दोन दिवसांनी. हाताला मुंग्या येतात त्या आठवड्याने. तोवर उत्साही माणसाने गाडीचा दावा निकालात काढलेला असतो किंवा विमा कंपनीने पाठवलेल्या सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलेली असते. अनेक राज्यांत एका अपघातावरून दोन तुकड्यांत दावा लावता येत नाही. गाडीचे पैसे मागून मोकळे झालात की शरीराचे मागता येत नाहीत. शिवाय इजेचं मोल काय, पुढचा औषधोपचार किती, कामावर न जाता आल्याचा हिशेब कसा, हे खरोखर शास्त्राचे प्रश्न आहेत. तिथे वकील घ्या. इंग्लंडने 2021 च्या मे महिन्यात मानेच्या किरकोळ दुखापतींचे रस्ते अपघाताचे दावे लोकांनी स्वतः ऑनलाइन लावावेत म्हणून खास पोर्टल सुरू केलं, आणि छोट्या इजेच्या दाव्यांची मर्यादाही 5,000 पौंडांपर्यंत वाढवली. हेतू लोकांनी वकिलाशिवाय यावं हा होता. तरी बहुसंख्य दावेदार वकिलांमार्फतच येत राहिले. लोक भित्रे आहेत म्हणून असं झालं असं मी म्हणणार नाही. आपल्या दुखण्याचं मोल आपल्याला ठरवता येत नाही हे त्यांना बरोबर कळलं होतं. बंपरचं मोल मात्र बॉडीशॉप लिहून देतो. वाद करणाऱ्यांनी ही एक रेघ आधी ओढली असती तर निम्मी चर्चा तिथेच मिटली असती.

‘वकील घ्या’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना मला एक साधा हिशेब विचारायचा आहे. समजा दुरुस्तीला 4,200 डॉलर लागले आणि कंपनी 2,600 देते आहे. भांडण 1,600 चं. इजेच्या दाव्यांत वकील भरपाईच्या साधारण एक तृतीयांश घेऊन काम करतात. पण 1,600 च्या एक तृतीयांशासाठी कोणता वकील फाइल उघडेल? तासाच्या दराने घेतला तर पहिल्या काही तासांतच भांडणाची रक्कम संपेल. म्हणजे ज्याला हा सल्ला मिळतो त्याला वकील मिळत नाहीच. तो कंपनीचा चेक बँकेत भरतो आणि गप्प बसतो. सल्ल्याचे शब्द ‘वकील घे’ असे असतात, त्याचा परिणाम ‘सोडून दे’ असा होतो. आणि कॅलिफोर्नियात दावा लावायची फी रकमेनुसार 30 ते 75 डॉलर आहे, परवडत नसेल तर माफीचा अर्ज करता येतो, प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, या दाव्यांसाठी विनामूल्य सल्लागाराची सोय ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर न्यायालयाकडे दुभाषाही मागता येतो. जिथे राज्याने इतकं केलं आहे तिथे माणसाला दारातूनच परत पाठवणं हा कसला शहाणपणा?

आता विमा कंपनी. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि दोन्ही बाजू त्याला ओझरता हात लावून पुढे जातात. 1974 साली मार्क गॅलंटर या अभ्यासकाने न्यायालयात येणाऱ्यांचे दोन वर्ग केले: आयुष्यात एकदाच येणारे आणि पुन्हा पुन्हा येणारे. पुन्हा पुन्हा येणाऱ्याला नियम पाठ असतात, कागद तयार असतात, एक प्रकरण हरलं तरी त्याचं बिघडत नाही. शेकडो प्रकरणांच्या सरासरीत तो फायद्यात राहतो. विमा कंपनी नेमकी अशी. वकील बाहेर ठेवला म्हणून ही विषमता संपत नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात विमा कंपनीच्या प्रतिनिधीला सुनावणीच्या आधी आणि नंतर आपल्या ग्राहकाला मदत करायची परवानगी आहे. समोर उभा असलेला चालक एकटा दिसतो, पण त्याच्या हातातली फाइल कोणीतरी लावून दिलेली असू शकते. हे मान्य केलंच पाहिजे.

पण मग या विषमतेवर उपाय कोणता? दावाच न लावणं? कंपनीचा अॅडजस्टर, म्हणजे भरपाई ठरवणारा माणूस, 2,600 ची ऑफर देतो तेव्हा तो तुमच्या नुकसानीबरोबर आणखी एक गोष्ट जोखत असतो: हा माणूस नाही म्हणाला तर पुढे काय करेल? वकील याला मिळणार नाही हे त्याला ठाऊक असतं. हा स्वतः दावाही लावणार नाही अशी खात्री असेल, तर 2,600 चे 2,700 करायचं त्याला काय कारण? उलट मुदत घातलेलं मागणीपत्र आलं, त्यात दोन्ही एस्टिमेटमधला फरक ओळीओळीने मांडलेला असला, आणि मुदतीनंतर दाव्याची नोटीस त्याच्या ग्राहकाच्या हातात पडली, की हिशेब बदलतो. आता कंपनीच्या ग्राहकाला कामावर सुट्टी टाकून कोर्टात यावं लागणार. निकाल विरुद्ध गेला तर पैसे पॉलिसीच्या मर्यादेत कंपनीलाच भरावे लागणार. स्वतः दावा लावणाऱ्या प्रत्येक माणसामुळे न लावणाऱ्यांच्या ऑफरलाही थोडी ताकद मिळते, आणि म्हणून मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो.

या ठिकाणी आपल्याच इतिहासातला एक दाखला मला फार बोलका वाटतो. 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रं जाळली. चौकशीत जे पुढे आलं त्यात एक गोष्ट ठळक होती: सावकार न्यायालयात सराईत होता, कुणबी नव्हता. बहुसंख्य हुकूमनामे एकतर्फी होत होते, कारण प्रतिवादी हजरच राहत नव्हता. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने यावर जे केलं ते आजच्या या वादात भाग घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावं. शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत त्या कायद्याने वकिलांना उभं राहायला मनाई केली. पण तेवढ्यावर तो कायदा थांबला नाही. न्यायाधीशाने दोन्ही पक्षांना स्वतः प्रश्न विचारावेत, कर्जखतावर जे लिहिलं आहे त्यावर न थांबता व्यवहार पहिल्यापासून कसा झाला हे खणून काढावं, असं बंधन त्यावर घातलं. आणि मोठ्या दाव्यात समोर वकील असून शेतकरी साधनाविना तोकडा पडतो आहे असं दिसलं, तर त्याच्या बाजूने माणूस उभा करण्याचा अधिकारही न्यायाधीशाला दिला. त्या कायद्यावर पुढे टीका झाली, समेट करणाऱ्या पंचांच्या फेऱ्यांत वेळ जातो अशा तक्रारी झाल्या, आणि त्या अगदीच खोट्या नव्हत्या. तरी त्यामागचा विचार पक्का होता. वकील काढून घेतलास तर त्याची जागा रिकामी ठेवू नको, ती न्यायाधीशाने भरली पाहिजे.

‘दहा मिनिटांचं काम’ म्हणणारी बाजू नेमकं हेच विसरते. वकील नाही म्हणून काम हलकं होत नाही. ते तुमच्यावर आणि न्यायाधीशावर वाटून येतं. न्यायाधीशाने आपला वाटा उचलला आणि तुम्ही नाही, तर दोष कोणाचा? आणि तयारी नसल्यामुळे चांगले दावे बुडतात ते फार साध्या ठिकाणी. सर्रास होणारी चूक म्हणजे समोरच्याच्या विमा कंपनीवरच दावा लावणं. तुमचा करार तिच्याशी नाही. दावा चालकावर लावायचा, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकावरही. नोटीस स्वतः नेऊन देणं ही दुसरी चूक, ती वादीने देऊन चालत नाही, तिसऱ्या प्रौढ व्यक्तीने बजवावी लागते आणि तसा दाखला दाखल करावा लागतो. तो नसला तर तारीख वाया जाते. गाडी पूर्ण निकामी ठरली असेल तर लोक बँकेच्या कर्जाची शिल्लक मागतात. न्यायालय देतं ती अपघाताच्या आदल्या क्षणी गाडीची जी बाजारभावाने किंमत होती ती. स्वतःच्या विमा कंपनीने दुरुस्ती करून दिली असेल तर तुमचं उरलेलं नुकसान बहुधा डिडक्टिबलपुरतं, म्हणजे पॉलिसीनुसार तुम्ही स्वतः सोसायच्या रकमेपुरतं असतं, पूर्ण बिल मागितलं तर न्यायाधीशाचा तुमच्यावरचा विश्वास तिथेच उडतो. मुदतीचंही भान हवं: कॅलिफोर्नियात मालमत्तेच्या नुकसानीला तीन वर्षं, इजेला दोन, आणि धडकणारी गाडी सरकारी असेल तर सहा महिन्यांच्या आत त्या खात्याकडे आधी लेखी मागणी करावी लागते. या सगळ्या गोष्टी शिकायला काही संध्याकाळी लागतात. त्या द्यायची तयारी नसेल तर ‘स्वतः लढा’ हा सल्ला घेऊ नये, आणि ही गोष्ट लपवून कोणी तो देऊही नये.

काही राज्यांत तर कायद्याने हा मार्ग जवळपास आखूनच दिला आहे. मिशिगनमध्ये अपघाताची भरपाई मुख्यतः ज्याची त्याची विमा कंपनी देते, पण गाडीच्या नुकसानीपैकी विम्यातून न मिळालेला भाग, 3,000 डॉलरपर्यंत, निम्मा किंवा त्याहून जास्त दोष असलेल्या चालकाकडून मागता येतो. तिथल्या स्मॉल क्लेम्स विभागात वकील नाहीत, रक्कम ठरलेली, प्रश्न एकच: निम्म्याहून जास्त चूक कोणाची? कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात छोटे दावे ऐकणारं ऑनलाइन न्यायाधिकरण आहे, आणि तिथेही लोकांनी स्वतःच आपली बाजू मांडावी असा सर्वसाधारण नियम आहे. दावा लावण्याआधी प्रश्नोत्तरांतून तुमचा हक्क काय, पुरावा कोणता लागेल हे ती यंत्रणाच समजावून सांगते. वकिलाची जागा राज्याने भरायची तर ती अशी.

दोन दुबळ्या जागा मात्र उरतात आणि त्या झाकून चालणार नाही. एक म्हणजे अपील. कॅलिफोर्नियात वादी हरला तर त्याला अपील नाही. प्रतिवादी हरला तर तो तीस दिवसांत अपील करू शकतो, सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होते आणि त्या वेळी वकील आणता येतो. म्हणजे पहिल्या फेरीत वकील बाहेर ठेवून साधलेली बरोबरी दुसऱ्या फेरीत मोडते. यामागचं तर्कशास्त्र असं सांगतात की वादीने हे न्यायालय स्वतःहून निवडलं, प्रतिवादीने नाही. तर्क चुकीचा नाही; पण मग अपिलातही वकिलांना मज्जाव करायला काय हरकत आहे? पहिल्या फेरीत ज्या प्रश्नाला वकील लागला नाही त्याला महिन्याभरात असा कोणता फाटा फुटतो? ही मागणी लोकांनी आपापल्या आमदारांकडे लावून धरायला हवी, आणि वकिलांच्या संघटना तिला विरोध करणार हे गृहीत धरून लावून धरायला हवी.

दुसरी दुबळी जागा वसुलीची. ‘निकाल मिळाला, पैसे मिळाले नाहीत’ हा अनुभव खरा आहे आणि निराश करणारा आहे. न्यायालय निकाल देतं, पैसे वसूल करून देत नाही. पण गाडीच्या अपघाताचे दावे या बाबतीत इतर किरकोळ दाव्यांहून बरे आहेत. घरमालक अनामत रक्कम दाबून बसला तर त्याच्या मागे कोणी विमा कंपनी नसते. इथे समोरच्याकडे विमा असेल तर निकालानंतर पैसे बहुतेक कंपनीकडून येतात, आणि कॅलिफोर्नियात 2025 पासून दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी पॉलिसीत किमान 15,000 डॉलरचं संरक्षण असावंच लागतं. आधी ते 5,000 होतं. विमा नसेल, आणि निकालाची रक्कम तीस दिवसांत भरली नाही, तर निकालाची प्रमाणित प्रत आणि ठरलेला फॉर्म मोटार वाहन विभागाकडे पाठवून त्या चालकाचं लायसन्स निलंबित करायला लावता येतं. रोज गाडीने कामावर जाणाऱ्या माणसाला हा दट्ट्या पुरतो. पगारातून कपात, बँक खात्यावर जप्ती हे मार्गही आहेत, आणि निकाल दहा वर्षं जिवंत राहतो, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करता येतं.

पण हे सगळं वादीनेच करायचं, प्रत्येक पायरीला वेगळा फॉर्म, वेगळी फी, वेगळी खिडकी. दावा लावताना सल्लागार देणारं राज्य वसुलीच्या वेळी माणसाला एकटं का सोडतं? लायसन्स निलंबनाचा कागद पैसे न भरल्याच्या एकतिसाव्या दिवशी न्यायालयाच्या क्लार्कनेच थेट वाहन विभागाकडे का पाठवू नये? दोन्ही कार्यालयं एकाच राज्याची आहेत, आणि निकालाची नोंद क्लार्कच्या संगणकावर आधीपासूनच असते.